येडाई कुणाच्या गच्चीवरून जाणार?

२७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

काल शिवरात्रीचा उपवास होता, म्हणून आप्पांनी भांडण एक दिवस पुढे ढकललं. आज लिंगपूजा आटोपली, आईच्या हातचा चहा पोटात गेला आणि त्यांनी ते काढलं.

"पुण्याच्या त्या कंपनीचा माणूस सारखा फोन करायलाय, महेश्वरी. केबलचा धंदा देता का म्हणून. काय सांगू?"

"नाही म्हणून सांगा."

"न्हाय म्हणायला ताकद लागती. माझे गुडघे बघ की."

त्यांचंही खरं आहे. माझे वडील, अमरनाथ केबलवाले, येरमाळ्यात कुणाचा पत्रा कुठं वाजतो ते सांगतील, इतक्या छपरांवर हा माणूस चढलाय. आता घरचा जिना चढतानाही देवाचं नाव घ्यावं लागतं. पण मी पुण्यातली नोकरी सोडून आले ती दुसऱ्याची पाटी आमच्या दारावर लावायला नाही. मी नेटवर्कचं शिकलेय, मला हा धंदा हवाय. तोंडावर सांगून टाकलं.

शेवटी बोली झाली. चैत्र पौर्णिमेला येडाई देवीची जत्रा, आणि दुसऱ्या दिवशी चुन्याच्या रानात खडे वेचायला लाखांनी माणूस लोटतं. ते आम्ही आमच्या चॅनलवर थेट दाखवायचं, येरमाळ्यात आणि बेंबळीतही. चित्र न अडकता गेलं तर कंपनीला नारळ. अडकलं तर धंदा कंपनीचा आणि मी परत पुण्याला.

बेंबळी कुठून आली, तर तिथले केबलवाले आता सगळे चॅनल आमच्याकडून घेणार आहेत. मध्ये पन्नासेक किलोमीटर. भाड्याच्या दोन तारा मिळाल्यात. एक गावातून निघते, वीरप्पा काकांच्या किराणा दुकानावरून. दुसरी हायवेकडून, शांताक्का आत्यांच्या हॉटेलवरून. दोन्ही बेंबळीत एकाच पेटीला जाऊन मिळतात. वेग सारखा, भाडं सारखं. एक तुटली तर दुसरी आहे. दोन्ही गच्च्यांवर एकेक राउटर, म्हणजे वाट दाखवणारी पेटी, बसवायची.

पेट्यांना नंबर द्यायला बसले तर आप्पा मधे पडले. "दादाच्या पेटीला मोठा नंबर दे, शांताच्या पेटीला बारका. थोरल्याचा मान थोरला."

मी हसले आणि दिला. नंबरानं कुणाचं काय बिघडतं?

३ मार्च, सोमवार

पेट्या बसल्या. काकांनी त्यांच्या पेटीला उदबत्ती ओवाळली हे ऐकून आत्यांनी त्यांच्या पेटीला भस्म लावलं, हार घातला. हार वाऱ्याच्या जाळीवरून मीच बाजूला केला. ही दोघं सख्खी भावंडं, दोघांचं एकमेकांवर लक्ष इतकं की एकाकडे पाहुणे आले तर दुसऱ्याकडे कढई चढते.

"हिच्यातनं काय जाणार गं?" आत्यांनी विचारलं.

"सगळे चॅनल जाणार, आत्या."

"मंग ह्यो हिरवा दिवा लुकलुकल व्हय?"

"लुकलुकेल की."

बेंबळीहून रुद्रेश आला होता. तिथला केबलचा धंदा तो आणि त्याची आई उमादेवी काकू चालवतात. त्याच्या पेटीतलं काम मी फोनवर सांगितलं असतं, पण म्हणाला, समक्ष बघितलेलं बरं. बघितलं काय, तर आत्यांच्या हॉटेलात बसून तीन कप चहा. आणि हा माणूस विचारल्याशिवाय एक शब्द बोलत नाही. जेवलात का विचारलं तर जेवलो. रस्ता कसा होता विचारलं तर बरा होता. अशा माणसाबरोबर धंदा कसा करायचा कोण जाणे.

८ मार्च, शनिवार

चॅनल सुरू! बेंबळीत चित्र काचेसारखं. आमच्या स्वतःच्या चॅनलची चाचणीही घेतली. कॅमेरा विरेशचा. विरेश म्हणजे अख्ख्या तालुक्याची लग्नं ज्यानं शूट केली तो. हाताला तीच सवय. देवळाच्या पायऱ्या दाखव म्हटलं तर पायरीवर बसलेली शेळी जवळ घेऊन दाखवली, तीही गुलाबी हृदयाच्या चौकटीत.

"ताई, मशीन लग्नावरच राहिली व्हती."

आप्पा इतके हसले की डोळ्याला उपरणं लावावं लागलं. त्यांना असं हसताना बघून मला फार बरं वाटलं.

१५ मार्च, शनिवार

संकट. रोज संध्याकाळी आठ वाजले की बेंबळीत चित्र अडकतं. नायिकेनं तोंड उघडलं की उघडंच राहतं. आठला प्रत्येक घराची मालिका वेगळी, एकाला कुस्ती, दुसऱ्याला बातम्या, म्हणजे तेवढे सगळे चॅनल एकदम जायला लागतात. पण त्यासाठीच तर दोन तारा घेतल्या!

त्यात आत्यांचा फोन. "महेश्वरी, माझा दिवा लुकलुकत न्हाय."

गेले आणि पाहिलं. मधूनच एकदा डोळा मिचकावल्यासारखं करतो आणि गप्प. तिथून काकांकडे गेले. त्यांचा दिवा लुकलुकून वेडा झालेला, पेटी तापलेली, आणि काका समोर खुर्ची टाकून आल्यागेल्याला दाखवत बसलेले.

सगळा माल काकांच्या तारेवरून. आत्यांची तार रिकामी. दोन्ही सारख्या असून!

१७ मार्च, सोमवार

माझी पेटी उलटीपालटी केली. पाठवणारी मी, तर वाट मीच ठरवणार ना? हरप्रकारे सांगून बघितलं, निम्मे चॅनल आत्यांकडून पाठव. दगडाला सांगावं तसं. रुद्रेश आला होता. त्याची तर काही चूकही नाही. दिवसभर शेजारी बसून तारा गुंडाळत होता. उमादेवी काकूंनी शेंगापोळ्या दिल्या होत्या. चांगल्या होत्या, पण पोळ्यांनी चॅनल जात नाहीत.

आत्या हॉटेलात गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "भावाच्या घरावरनं सगळं जातंय बाबा. आमी आपले तारेवर कपडे वाळत घालू." मला ऐकू येईल असंच म्हणाल्या.

२१ मार्च, शुक्रवार

सापडलं! मूर्ख मी, चुकीच्या जागी शोधत होते.

नीट लिहून ठेवते, म्हणजे परत विसरायला नको. चॅनल आपण होऊन कुठंच जात नाही. बेंबळीत कुणीतरी ते लावतं, तेव्हा त्याची मागणी रुद्रेशच्या पेटीकडे जाते. ती पेटी विचार करते, हे चॅनल जिथून निघतं तिथं पोहोचायला मला कोणता शेजारी जवळचा? त्याच्याकडे मागणी सरकवते, तो पुढच्याकडे, अशी ती उलटी चालत उगमापर्यंत, म्हणजे माझ्यापर्यंत येते. आणि ज्या वाटेनं मागणी आली त्याच वाटेनं चॅनल जातं. म्हणजे वाट देणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो. मी इथं बसून कितीही आपटलं तरी उपयोग शून्य.

आता दोन्ही शेजारी सारखेच जवळ असले तर? तर पेटी त्यांचे नंबर बघते आणि ज्याचा नंबर मोठा त्याच्या दारात जाते. दर चॅनलला, दर वेळी. मोठा नंबर कुणाला दिलाय? थोरल्याचा मान थोरला!

आप्पांना सांगितलं. मला वाटलं वरमतील. तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजे मशीनला बी मान कळतो की!"

२४ मार्च, सोमवार

नंबरांची अदलाबदल करून उपयोग नव्हता, सगळा माल एकीकडून दुसरीकडे गेला असता. त्या पेटीत एक सोय असते. ती चालू केली की बरोबरी झाल्यावर ती नंबर बघत नाही, एक छोटं गणित करते आणि उत्तर येईल ती वाट धरते. ती चालू करायची ठरली. रुद्रेशला म्हटलं, तुमच्या पेटीसमोर बसा, मी फोनवर सांगते. तर हा मोटारसायकलवरून येरमाळ्यात हजर! पेटी बेंबळीत आणि पेटीवाला इथं. शेवटी इथूनच नेटवरून तिच्यात शिरले. त्याला विचारलं, अहो मग आलात कशाला? म्हणाला, "वाट चांगली हाय."

सोय चालू केली आणि आत्यांचा दिवा धडाधड लुकलुकायला लागला. आत्यांनी गिऱ्हाइकांना फुकट भजी वाटली. मी नाचायच्या बेतात होते, तेवढ्यात काकांचा फोन.

"म्हातारा झालो म्हणून काढून घेतलं व्हय? सांगून तरी काढायचं."

काकांचा दिवा मेलेला. सगळेच्या सगळे चॅनल उडी मारून आत्यांकडे! झालं असं की ते गणित नुसत्या उगमाच्या पत्त्यावर होतं, चॅनल कुठल्या यंत्रातून निघालं तेवढंच बघतं. आमचे सगळे चॅनल एकाच यंत्रातून निघतात. मग सगळ्यांचं उत्तर एकच येणार. संध्याकाळी आठला नायिकेचं तोंड पुन्हा उघडं.

काकांनी रात्री जेवायला बोलावलं होतं ते रद्द केलं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली आणि कामाला बसले. गणितात उगमाच्या पत्त्याबरोबर चॅनलचाही पत्ता धरायला लावला. आता प्रत्येक चॅनलचं उत्तर वेगळं. काही काकांच्या गच्चीवरून, काही आत्यांच्या. निम्मे निम्मे नाहीत, गणित ते जे येईल ते. आत्यांकडे थोडे जास्त गेलेत, ते काकांना सांगितलेलं नाही. पण दोन्ही दिवे चालू, आणि आठची मालिका नऊपर्यंत एकदाही अडकली नाही. नायिकेचं तोंड मिटलं. मी फार खूष आहे.

मग दोघंही आले, काका पुढून, आत्या मागून, आणि प्रश्न एकच.

"येडाई कुणाच्या गच्चीवरून जाणार?"

पालखी कुणाच्या दारावरून जाते यावरून इथं अबोले धरतात, मला समजायला हवं होतं. जत्रेचं चॅनल एकच, तेव्हा त्याला वाटही एकच मिळणार. बघितलं. काकांची.

आत्यांनी पदर खोचला आणि हॉटेलकडे गेल्या. चॅनलचा पत्ता बदलून बघितला असता तर वाट फिरलीही असती. माझे हात शिवशिवले. आप्पा म्हणाले, "देवीला वाट सांगायला जाऊ नगंस." तेही खरंच.

रात्री उमादेवी काकूंचा पाडव्याचा फोन. अंगणात पाय घसरून त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. यंदा जत्रेला येता येणार नाही, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच चुना वेचणं चुकणार. "तू दाखवशील तेवढंच बघीन," म्हणाल्या.  मग एकदम माझी उंची विचारली. कशाला कोण जाणे. नवीन पेट्यांचं कपाट करून घ्यायचं असेल, हात कुठवर पोचतो ते बघायला. पाच फूट तीन सांगितली. "बरोबर हाय," म्हणाल्या.

६ एप्रिल, रविवार

कंपनीचा माणूस आज समक्ष आला. चांगला बोलतो. आप्पांनी त्याला चहा पाजला, जत्रेनंतर सांगतो म्हणाले. तो गेल्यावर आप्पा आत जाऊन त्यांची जुनी अवजारं पुसत बसले, पक्कड, पोपट पाना, ती चामड्याची पिशवी. मी दारातून बघितलं आणि परत फिरले.

मला भीती वाटते. खरंच वाटते. आठच्या मालिकांना जीव जात होता, मग जत्रेच्या दिवशी सगळी बेंबळी, सगळा येरमाळा टीव्हीपुढे बसल्यावर काय होईल? दोन्ही तारा चालू राहिल्या तर निभेल. एक गेली तर? रुद्रेशला हे सगळं सांगितलं.  मग मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? "तुमी पुण्याला जाऊ नये, असं वाटतं," म्हणाला. तारेबद्दल विचारलं होतं मी.

१० एप्रिल, गुरुवार

काकांनी गच्चीवर मांडव घालायचं ठरवलंय. येडाई त्यांच्या घरावरून जाणार म्हणून! झालर, फुलं, केळीचे खुंट. खाली सरबत वाटणार. पेटीला हात लावू नका एवढं बजावून आले.

निवेदन करायला ठरलेले गुरुजी घसा बसून आडवे. निवेदन आता मी करायचं. विरेशनं माझ्या ओढणीला लावायचा माईक आणून दिला. "लावला की चालू, ताई. इसरू नका."

१३ एप्रिल, रविवार

सगळं क्रमानं लिहिते. नाहीतर शेवट आधी लिहून मोकळी होईन.

सकाळी पालखी डोंगरावरून निघाली. आई राजा उदो उदोचा गजर, हलगी, संबळ, धूळ. आम्ही चुन्याच्या रानात कॅमेरा लावून तयार. काळ्याभोर जमिनीत वाकलेली माणसंच माणसं, जो तो पांढरा खडा शोधतोय. सापडला की लहान पोरासारखा ओरडतोय. वेचलेले खडे ढिगावर टाकायचे, त्याच चुन्यानं देऊळ रंगतं. मी बोलत होते, विरेश दाखवत होता. आप्पा घरी यंत्रांपाशी. रुद्रेश आईच्या नावचे खडे वेचायला आला होता आणि माझ्या आसपासच वेचत होता, जसं काही बाकीच्या रानात चुना नव्हताच.

पालखी रानात शिरली आणि फोन वाजला.

"महेश्वरी, दादाची तार गेली!" आप्पा.

"गेली म्हणजे?"

"मांडववाल्यानंच फोन केला, झालर बांधायला आपलीच तार वढली म्हणून. तुटली बघ."

 "आप्पा, काकांची तार तुटली म्हणजे सगळं ओझं आत्यांच्या एका तारेवर! आठ वाजता दोन तारा लागतात, इथं सगळी बेंबळी बसलीय! गेलं, आप्पा, सगळं गेलं!" मी रानात उभी राहून ओरडत होते. वाकलेली माणसं माना वर करून बघत होती.

रुद्रेशनं न विचारता काहीतरी केलं, पहिल्यांदाच. त्याच्या आईला फोन लावून माझ्या कानाला लावला.

"काकू, चित्र कसंय?"

"जरा थांबलं व्हतं. एवढं हुं म्हणूस्तवर परत आलं. येडाई माझ्या घरात उभी हाय पोरी. लई सुंदर दिसायलीय."

"अडकत नाही?"

"न्हाय गं. तू रडू नगंस."

मी रडतेय हे त्यांना कसं कळलं याचा विचार तेव्हा केला नाही. आप्पांना विचारलं, आत्यांच्या तारेवर किती ओझं आहे? ते म्हणाले, "काईच न्हाय की. रिकामी पडल्यावानी हाय."

आणि मग डोक्यात उजेड पडला. एवढी शिकलेली मी, इतके दिवस उलटं भीत होते! घरं किती बघतात याला काही अर्थच नाही. एका चॅनलची तारेवरून एकच प्रत जाते. एका घरानं मागितली तरी एक, सगळ्या बेंबळीनं मागितली तरी एकच, पुढे घरोघरचे फाटे फुटतात तिथं तिच्या प्रती होतात. आठ वाजता ओझं होतं कारण प्रत्येकाचं मन वेगळं. आज सगळ्यांचं मन एकाच जागी होतं. सगळं गाव एकच बघत असेल तर एक तार काय, अर्धी तारही पुरली असती. मी रानातच खाली बसले आणि हसले, वेड्यासारखी.

तेवढ्यात आत्यांचा फोन.  काका हातात नारळ घेऊन त्यांच्या हॉटेलच्या दारात उभे होते म्हणे, सरबताचे डाग अंगावर.

"म्या म्हणलं, दादा, तुमी?" आत्या सांगत होत्या. "तर म्हणतेत, शांते, माझीच हौस नडली. येडाई आता तुझ्या घरावरनं चाललीय. मला वर जाऊ दे, पाया पडतो. आगं, तुझ्या त्या डब्याच्या पाया पडला दादा! म्या म्हणलं, साकु साकु, पुरं झालं दादा, आदी जेवा."

काकांना तार तुटल्याचं इतक्या लवकर कुणी सांगितलं, हेही मी विचारलं नाही.

फोन ठेवला तर समोर रुद्रेश. ओंजळीत पांढरे खडे. "आईच्या नावचे हायत. आई म्हणली, तुमच्या हातानं ढिगावर टाकायचे."

मी ओंजळ पुढे केली. त्यानं खडे माझ्या हातात ओतले. एक खाली पडला, तो उचलायला दोघं एकदम वाकलो आणि डोकी आपटली. मी हसले. तोही हसला. त्याला हसताना मी नीट कधी बघितलंच नव्हतं.

आणि फोन वाजायला लागले. आप्पांचा, आत्यांचा, काकांचा, कुणाकुणाचा. मी उचलला तो उमादेवी काकूंचा.

"पोरी, आमी समदे बघायलाव. बदामाची चौकट बी आलीय. शेजारच्या बाया इथंच जमल्यात."

विरेशकडे बघितलं. कॅमेरा आमच्यावर. हाताला सवयच तसली.

"आता ऐक," काकू म्हणाल्या. "ते माझं लेकरू इचारल्याबिगर बोलत न्हाय. बारका व्हता तवापासनं तसंच हाय. दीड म्हैना झाला, पेट्रोल जाळायलाय नुसतं. तूच इचार बाई."

मी फोन खाली घेतला. पन्नास किलोमीटर. तीन कप चहा. माझी उंची. कपाट नव्हतंच कुठलं! मागितल्याशिवाय चॅनल निघत नाही, वाट घेणारा ठरवतो, हे मी जगाला शिकवत होते, आणि हा माणूस दर वेळी कुठल्या वाटेनं कुठं येतोय हे मला दिसलं नाही. कान तापले. ओंजळीत येडाईचे खडे, तेव्हा खोटं काही चालणार नव्हतं.

"रुद्रेश, दर वेळी इतक्या लांबून कशाला येत होतात?"

"तुमच्यासाठी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाय."

"आता विचारते. लग्न कराल माझ्याशी?"

"व्हय," म्हणाला. आणि मग न विचारता आणखी एकदा, "व्हय."

विरेशनं कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं. "ताई," तो म्हणाला, "माईक चालूच हाय."

१४ एप्रिल, सोमवार

काल सकाळपासून मी जे जे ओरडले ते सगळं दोन्ही गावांनी ऐकलंय. काकांनी तार तुटल्याचं टीव्हीवरूनच ऐकलं. बेंबळीत माझ्या रडण्यावर बाया रडल्या आणि माझ्या विचारण्यावर टाळ्या वाजल्या. एका प्रतीत सगळीकडे. सकाळी दूधवालाही अभिनंदन करून गेला. लाज वाटली, पण फार नाही.

आप्पांनी कंपनीच्या माणसाला फोन केला. "न्हाय जमायचं साहेब. माझी लेक चालवती धंदा." ठेवल्यावर मला म्हणाले, "न्हाय म्हणायला ताकद लागत न्हाय गं. उगंच भीत व्हतो." मग चामड्याची पिशवी आणून माझ्या टेबलावर ठेवली. मी ती अजून हलवलेली नाही. धंदा इथून चालायचा की बेंबळीहून, हे आम्ही दोघं बघू. तार आहेच मध्ये. दोन आहेत.

संध्याकाळी काका आणि आत्या बरोबर आले, एकाच रिक्षातून. असं मी जन्मात बघितलं नव्हतं. काकांची तार जोडून झाली होती, आत्यांनी त्यांना आपल्या पेटीचा लुकलुकणारा दिवा मोबाईलवर दाखवला, दोघंही खूष. मी म्हटलं, चला, एक बरं झालं. आईनं चहा आणला. काकांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं,

"मंग, नवरदेवाची वरात कुणाच्या दारावरनं जाणार?"

आत्यांचा कप हातातच राहिला.

"दोन्ही वाटा सारख्याच आहेत, काका," मी घाईनं म्हटलं.

"सारख्या असल्या," आप्पा म्हणाले, "तर थोरल्याचा..."

आत्या उठून उभ्या राहिल्या.